मियाझियाची बारा तारीख

कोलंबस, हिदार ६, २०१०

ताई,

फोन लावला की तू माझा आवाज ऐकून तो कापतेस. मागे एकदा भाऊजींनी उचलला, तर तेही "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" करत बसले, आणि मागून तुझा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता. ठीक आहे. पत्र काही कापता येत नाही. हे पत्र आलेमितु सिस्टर स्वतः तुझ्या हातात देईल. आरोग्य केंद्रात सहा वर्षं ती आणि मी एका खोलीत काम केलं, ती माझं एवढं ऐकेल. तिच्यावर ओरडू नकोस. तिचा काही संबंध नाही.

खुशाली विचारायला लिहीत नाही. तुझ्याकडे माझं काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

डाग्नाचेवला इथल्या विद्यापीठाने पाहुणा संशोधक म्हणून बोलावलं, आमच्याकडच्या जवावरच्या रोगावर काम करायला, हे तुला माहीत आहे. त्याचा व्हिसा पहिल्या नंबरचा. त्याच अक्षराचा दुसऱ्या नंबरचा माझा, म्हणजे त्याच्याबरोबर आलेल्या बायकोचा. पहिल्या नंबरवाल्याने काम करायचंच असतं. दुसऱ्या नंबरवालीने काम करायचं असेल तर तिने वेगळा अर्ज करायचा, मग सरकारकडून कार्ड येतं, आणि ते येईपर्यंत कुणाचं झाडलोटीचं कामसुद्धा पगारावर करायचं नाही. सव्वा वर्ष मी घरात आहे. भिंतीला रंग कुठे कुठे उडालाय ते मला पाठ झालंय.

त्या अर्जाबरोबर एक पत्र द्यावं लागतं. त्यात लिहायचं की माझ्या कमाईवर नवऱ्याचं पोट अवलंबून नाही. तो स्वतःचं स्वतः भागवतो, मी कमावेन ते कुटुंबाच्या करमणुकीला, सांस्कृतिक गोष्टींना, प्रवासाला. नवरा पोसायला कमवायचं असं लिहिलं तर अर्ज गेलाच. डाग्नाचेवला हे वाचून एवढं हसू आलं!

"म्हणजे वुबिये, इथलं सरकार सांगतंय की बायकोने कमवावं आणि उडवावं."

"सरकारचं तरी ऐक मग," मी म्हटलं.

मी लिहिलं. करमणूक: चर्चच्या मंडळाबरोबर सहली. संस्कृती: इंग्रजीचा वर्ग. प्रवास: देब्रे ताबोर. हो, तुझ्याच गावाचं नाव लिहिलं. वाचून तोंड वाकडं करू नकोस.

तर अर्ज गेला आणि अडकला. का, ते सांगते. पासपोर्ट काढताना मी कचेरीबाहेर छत्री लावून बसणाऱ्या एका टेबलवाल्याकडून फॉर्म भरून घेतला होता. माझा जन्म १९७९ सालच्या मियाझिया महिन्याच्या बारा तारखेचा. आपलं साल इंग्रजी सालाच्या सात-आठ वर्षं मागे चालतं, तरी त्या शहाण्याने आपल्या पंचांगातले आकडे जसेच्या तसे इंग्रजी रकान्यात उतरवले. मियाझिया आठवा महिना, म्हणून त्याने लिहिलं बारा ऑगस्ट १९७९. मी पाहिलं नाही. इथल्या अर्जावर मी सवयीने नीट बदलून लिहिली: वीस एप्रिल १९८७. लग्नाच्या दाखल्याच्या भाषांतरावरही तीच आहे. आता ते विचारतात, या दोन बायका कोण? एक अडतीस वर्षांची, एक तीस वर्षांची.

कागदोपत्री मी तुझी जुळी बहीण झाले आहे ताई. आता मला मोठेपणा दाखवून गप्प बसवता येणार नाही.

उत्तर द्यायला बारा आठवडे दिलेत, त्यातले अकरा उरलेत. फेब्रुवारीच्या दोन तारखेला, म्हणजे आपल्या तिरच्या पंचविसाला, माझे कागद त्यांच्या टेबलावर पाहिजेत. पासपोर्टची दुरुस्ती आपल्या वकिलातीतून होईल, पण त्यांनाही तेच कागद हवेत. दोन आहेत. माझा बाप्तिस्म्याचा कागद, जो आईच्या पत्र्याच्या पेटीत आहे, आणि ती पेटी तुझ्याकडे आहे. दुसरं म्हणजे माझ्या जन्माची माहिती असलेल्या माणसाने तिथल्या कोर्टात दोन साक्षीदारांसमोर दिलेला जबाब. आई नाही, वडील नाहीत. तू आहेस.

इथल्या एका इस्पितळातल्या बाळंतिणींच्या विभागात माझ्यासाठी जागा ठेवली आहे. ती मार्चच्या शेवटापर्यंतच ठेवतील.

तू का रागावलीस ते मला ठाऊक आहे. तेव्हाही सांगितलं होतं, आताही सांगते, व्हिसावर तारीख होती, दोघांना एकाच दिवशी निघावं लागलं. त्यावर पुन्हा वाद नको. मला माफ कर असं मी म्हणत नाही. कागद तेवढा पाठव.

वुबित

कोलंबस, ताहसास २, २०१०

ताई,

आलेमितु म्हणते, तू पत्र घेतलंस, उघडलंस, वाचलंस आणि कॉफीच्या तबकाखाली ठेवून दिलंस. फाडलं नाहीस. मी तेवढ्यावर खूश व्हायचं ठरवलं आहे.

सात आठवडे उरले. मी रोज पोस्टाची पेटी बघते, जाहिरातींचे कागद निघतात. काल एक सुपरमार्केटवाला मला स्वस्तात डुकराचं मांस देत होता, तेही ऐन नाताळच्या उपासात.

दरम्यान सगळे मला शहाणपण शिकवत आहेत. वैझरो झेवदितुबाईंचं इथे किराण्याचं दुकान आहे. आपला बेरबेरे मसाला, शिरोचं डाळीचं पीठ, दारूत घालायची घेशोची पानं सगळं मिळतं, आणि सल्ला फुकट. बावीस वर्षं या देशात आहेत. त्यांनी माझं सगळं ऐकलं आणि मिरचीचं पोतं शिवता शिवता म्हणाल्या, "पोरी, त्यात रडण्यासारखं काय आहे? लिही ना, पासपोर्ट खरा, अर्जावर चूक झाली. आठ वर्षांनी म्हातारी झालीस तर आठ वर्षं आधी पेन्शन."

"पण मी अडतीसची नाही ना!"

"इथे आपल्यातलं कोण खऱ्या वयाचं आहे? माझा नवरा कागदावर माझ्यापेक्षा धाकटा आहे. मेल्याचे दात बघ."

मला हसू आलं, पण मी नाही म्हटलं.

मग विद्यापीठात परदेशी पाहुण्यांची कचेरी आहे, तिथली बेव्हर्ली. भली बाई आहे, माझं नाव नीट घेते. ती म्हणाली, "माझं काम एवढंच की सगळीकडे एक तारीख असावी. कुठली खरी ते तूच सांगायचं. पासपोर्टवरची खरी असेल तर उद्या सही कर, काम सोपं. दुसरी खरी असेल तर पुरावा आण." मी म्हटलं, पुरावा आणते. ती म्हणाली, कुठून? मी म्हटलं, माझ्या ताईकडून. तिने लगेच वहीत लिहून घेतलं, बहिणीकडून पुरावा येत आहे. बघ, तुझ्या नावावर मी खोटं बोलून बसले आहे. अजून तरी.

घरी डाग्नाचेवने तेच लावलं. "सही कर आणि मोकळी हो. तुझी एतागेन्यताई कागद पाठवणार नाही. तिला मी तुझ्याइतकाच ओळखतो."

"तू तिला मुळीच ओळखत नाहीस."

"मग सव्वा वर्षात तिने एकदा तरी फोन घेतला का? वुबिये, एक आकडा आहे तो. कुणाचा जीव जातोय?"

"खोटी सही मी करणार नाही."

त्यावर तो म्हणाला, "तू एवढी खरेपणाची पुतळी कधीपासून झालीस?"

मी भांडी घासायला गेले. हे तुला कशाला लिहिलं ते माहीत नाही. लिहिलं आहे तर खोडत नाही.

त्यापेक्षा ही नोकरी मला का हवी आहे ते सांगते, म्हणजे तुला वाटायला नको की मी इथे बुटांची दुकानं फिरायला पैसे मिळवणार आहे.

गेल्या उन्हाळ्यात झेवदितुबाईंचा फोन आला, आपल्याकडची एक पोर इस्पितळात अडली आहे, जा. वोलोकडची, वीस-एकवीसची, नवरा ट्रकवर दुसऱ्या राज्यात. मी ओळखीची बाई म्हणून गेले. दारातच ऐकलं, ती ओरडून सांगत होती, "मला गुडघ्यावर येऊ द्या, गुडघ्यावर!" आणि ती उठून गुडघ्यावर आली की दोन नर्सा तिला प्रेमाने परत पाठीवर निजवत होत्या. त्यांना वाटत होतं ती प्रार्थना करायला उठते आहे. एकीने तर तिच्या हातात क्रूस दिला होता! मी आत शिरून सांगितलं, ही देवाचं नाव घेत नाही, हिला बाळ खाली येताना कळतंय, हिला येऊ द्या गुडघ्यावर. माझं इंग्रजी तेव्हा आत्तापेक्षा वाईट. त्यांनी ऐकलं. अर्ध्या तासात पोरगी झाली, चांगली साडेतीन किलोची.

मला हात लावायची परवानगी नव्हती. मी भिंतीला टेकून उभी राहिले, हात पाठीमागे बांधून. ज्या हातांनी मी चारशेच्या वर बाळं घेतली ते हात. तिथल्या मुख्य नर्सने बाहेर येऊन विचारलं, तू कोण? मी म्हटलं, दाई. ती म्हणाली, कार्ड आण, मी तुला घेते. बाळं घ्यायला नाही, त्याला इथल्या परीक्षा आहेत. पण या खोल्यांमध्ये उभं राहून बाई काय म्हणते ते सांगायला. आपल्या बायका इथे पुष्कळ आहेत, ताई, आणि त्या ओरडतात ते कुणाला कळत नाही.

म्हणून मला कार्ड हवं आहे, आणि ते माझ्याच तारखेवर हवं आहे. अडतीस वर्षांच्या कुठल्यातरी बाईचं नको.

पेटीत सगळ्यात खाली आईचा अंगावर घ्यायचा पांढरा नेतेला आहे, त्याच्या घडीत कागद असेल. किल्ली तुझ्याकडे नसेल तर कडी दगडाने फोड. मी नवी घेऊन देईन.

वुबित

कोलंबस, ताहसास ३०, २०१०

ताई,

काल गेन्ना झाला, आपला नाताळ. चर्चमध्ये दीडशे माणसं होती, बाहेर गुडघाभर बर्फ. पांढरे नेतेले आणि खाली बर्फातले जाड बूट, असं आमचं रूप. घरी मी कोंबडीचं दोरो वोत केलं. डाग्नाचेवने तीनदा वाढून घेतलं आणि म्हणाला, तुझ्या ताईच्या हातचं आठवलं. 

तुझ्याकडून काही नाही. पंचवीस दिवस उरले.

आलेमितुने मात्र परवा फोनवर एक गोष्ट सांगितली. तिला वाटलं मला माहीतच असेल. तुझ्या लेकीचा, त्सिगेचा उजवा हात. पंधरा महिन्यांची झाली तरी तो खांद्यातून उचलत नाही, कोपर वाकवत नाही. तू तिला नेहमी नेतेलात त्या बाजूने गुंडाळून बाजारात घेऊन जातेस, म्हणून लोकांना दिसत नाही.

मी तिला सगळं विचारलं. डोकं बाहेर आलं आणि खांदा आत अडकला. केंद्रात माझ्या जागी आलेली नवी सिस्टर घाबरली आणि तिने डोकं धरून ओढलं. तिचा दोष नाही. ती दोन महिन्यांची नवी होती, तिने ते कधी पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं. नऊ वेळा. डोकं ओढायचं नसतं. आईचे गुडघे तिच्या छातीशी दाबायचे, एकीने ओटीपोटावर हाताची टाच देऊन दाबायचं, आणि थांबायचं. दोन मिनिटांचं काम आहे. मी असते तर त्सिगेने आज तुझ्या वेण्या दोन्ही हातांनी ओढल्या असत्या.

आता ऐक. मी तुला खोटं सांगितलं होतं.

व्हिसावर दोघांची तारीख नव्हती. त्याच्या कागदावर त्याची होती, माझा कागद वेगळा होता, माझ्या नावाचा. मुलाखतीच्या खिडकीतल्या बाईने मला स्वच्छ सांगितलं होतं, तुम्ही त्यांच्या आधी जाऊ शकत नाही, नंतर केव्हाही जाऊ शकता, महिन्याने, चार महिन्यांनी. मी "कळलं" म्हणाले. बाहेर येऊन डाग्नाचेवला म्हटलं की एकत्रच जायचं आहे. त्यालाही खोटंच. त्याला खरं नंतर इथे आल्यावर बेव्हर्लीकडून कळलं, म्हणून तो मला पुतळी म्हणाला. आणि मग तुझ्या घरी आले. तू सातव्या महिन्यात होतीस, पाय सुजले होते. तू म्हणालीस, "माझ्या वेळेला तू आहेस म्हणून मी निर्धास्त आहे." मी म्हटलं, "ताई, सरकारची तारीख आहे, माझ्या हातात नाही."

का, ते आजपर्यंत कुणाला सांगितलं नाही. निघण्याआधीच्या सेने महिन्यात माझ्या हाताखाली दोन बायका गेल्या. एक रक्त थांबेना म्हणून, एक झटके येऊन. दोघींच्या घरच्यांनी माझे हात धरून सांगितलं, तुम्ही केलंत तेवढं केलंत. त्यानंतर मी कुणाच्या पोटावर हात ठेवला की तो कापायचा. मी तो खिशात घालायची. तू अडतिशीजवळ आलेली, पहिलं बाळ, नऊ वर्षं वाट पाहिलेलं. मला रोज दिसायचं की तूही माझ्या हाताखाली जाते आहेस. तुझं बाळंतपण माझ्या हातून बिघडलं असतं तर मी जगले नसते. म्हणून मी पळाले. भित्री होते, दुसरं काही नाही. पळाले आणि ते बिघडलंच, दुसरीच्या हातून.

हे सगळं लिहून झाल्यावर तू कागद पाठवणार नाहीस, हे मला दिसतंय. डाग्नाचेव शेजारी उभा आहे. म्हणतो, "आधी कागद येऊ दे, मग लिही हे. एवढं तरी डोकं चालव." मी त्याला खोलीबाहेर घालवलं आहे. कागद आल्यावर लिहिलं असतं तर ते तुला पुन्हा फसवणंच झालं असतं.

आणि नाही आला तरी मी १९७९ वर सही करणार नाही. कार्ड गेलं तर जाऊ दे, नोकरी गेली तर जाऊ दे. पुन्हा पैसे भरेन, पुन्हा अर्ज करेन, वकिलातीच्या दारात जाऊन बसेन. एकदा एका खोट्या तारखेच्या आडून मी तुझ्यापासून सुटले. दुसऱ्या खोट्या तारखेवर मी बाळंतिणींच्या खोलीत शिरणार नाही. एवढं माझं ठरलं आहे.

त्सिगेच्या हाताचं मात्र माझ्यावरच्या रागात सोडू नकोस. दिवसातून चार वेळा, दूध झाल्यावर, तिचा हात हलकेच कानापर्यंत वर न्यायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत धरायचा. कोपर वाकवायचं, सरळ करायचं. तळवा आकाशाकडे करायचा. ती रडली तर थांब, पण सोडून देऊ नकोस. खाऊ नेहमी उजवीकडे धर, तिलाच घेऊ दे, डावा हात धरून ठेव. आणि गोंदरच्या मोठ्या इस्पितळात हातापायांचे व्यायाम घेणारा विभाग आहे, तिथे ने. फासिकाच्या सणापर्यंत थांबू नकोस. आलेमितु तुझ्याबरोबर येईल, मी तिच्याशी बोलले आहे.

तिला नेतेलात गुंडाळून ठेवू नकोस, ताई. हात दिसू दे.

वुबित

कोलंबस, मेगाबित १०, २०१०

ताई,

कार्ड आलं. हिरवट रंगाचं आहे, फोटोत मी चोर दिसते. जन्मतारीख वीस एप्रिल १९८७. कालपासून मी कामावर जाते.

तुझं पाकीट येऊन सात आठवडे झाले आणि मी एक ओळसुद्धा लिहिली नाही. तू म्हणशील, काम झालं आणि विसरली. तसं नाही. रोज बसत होते. आज लिहिल्याशिवाय उठायचं नाही असं ठरवून बसले आहे.

पाकीट तिरच्या अठरा तारखेला आलं, मुदतीला सात दिवस असताना. आत चिठ्ठी नव्हती. मी पाकीट उलटं करून झटकलं, फाडून आतून पाहिलं. बाप्तिस्म्याचा कागद, घडीवर पिवळा पडलेला, मुलींचा बाप्तिस्मा होतो त्या ऐंशीव्या दिवसाची तारीख घातलेला, पुजाऱ्याचा नवा शिक्का मारलेला. आणि कोर्टातला जबाब, दोन पानं, तुझ्या सहीसकट. त्यावरची तारीख मी आधी पाहिली. ताहसास १३. म्हणजे माझं तिसरं पत्र लिहायच्याही आधी तू कोर्टात जाऊन आली होतीस. कागद तयार करून तू तो घरात ठेवलास, महिनाभर, आणि पाठवला नाहीस. मग माझं ते पत्र पोचलं, आणि दुसऱ्या दिवशी तू आलेमितुला हाक मारलीस. हे तिने सांगितलं. तू एवढंच म्हणालीस, "हे तिच्याकडे जाऊ दे."

जबाबाचं इंग्रजी करायला शिक्केवाला भाषांतरकार लागतो. आमच्या चर्चमधले आतो बेलाचेव करतात, पूर्वी शाळामास्तर होते. मी त्यांच्यासमोर बसले होते. ते आधी आपल्या भाषेत मोठ्याने वाचतात आणि मग लिहितात. मी तोवर वाचलं नव्हतं, शिक्के तेवढे तपासले होते. भीती वाटत होती, तू त्यात काय म्हटलं असशील.

त्यांनी वाचलं. तुला पाठ असेल, पण मला ते इथे लिहायचं आहे.

"माझं नाव एतागेन्य. बेरबेरे विकते. वुबित ही माझी धाकटी सख्खी बहीण आहे. तिचा जन्म १९७९ सालच्या मियाझियाच्या बारा तारखेला, फासिकाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी झाला. कोर्टाने विचारलं, ही तारीख तुला कशावरून माहीत? मी तेव्हा आठ वर्षांची होते. गावातली दाई सणासाठी माहेरी गेली होती. वडील तिला आणायला खेचर घेऊन गेले. आईने मला पाणी तापवायला सांगितलं आणि मग माझं मनगट धरलं ते सोडलंच नाही. मला पळून जायचं होतं. मी फार घाबरले होते. पण आईने सोडलं नाही, म्हणून मी राहिले. बाळ निळं होतं आणि रडत नव्हतं. काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी तिला माझ्या झग्यात घेऊन पाठ चोळत बसले, आणि ती रडली. दाई दुपारी आली. तारीख मला माहीत आहे, कारण ती जन्मली तेव्हा मी तिथे होते."

आतो बेलाचेवनी चष्मा काढला. म्हणाले, "पोरी, कोर्टाला एवढं लागत नाही. तारखेपुरतं ठेवू का?"

मी म्हटलं, "नाही. सगळं जाऊ दे. शब्द न् शब्द."

तर ते सगळं सरकारकडे गेलं, तुझं खेचर आणि तुझा झगा आणि सगळं. कुठल्यातरी कचेरीतल्या माणसाने ते वाचलं आणि मला कार्ड दिलं.

मला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. आईने नाही, तू नाही. मी दाई झाले तेव्हा तू बाजारात सगळ्यांना साखर वाटलीस, तेव्हाही नाही. आठ वर्षांची असताना तुलाही पळून जायचं होतं हे मला एका कोर्टाच्या कागदातून कळावं!

काल पहिल्याच दिवशी एक बाई होती, असोसाकडची. मी तिच्या उशाशी होते. मुख्य नर्सने सांगितलं होतं, तू बोलायचं काम करायचं, हात लावायचा नाही. पण त्या बाईने माझं मनगट धरलं आणि सोडेना. नर्सने पाहिलं आणि मला तसंच राहू दिलं. तीन तास मी तशीच उभी होते. माझा हात कापला नाही, ताई. मी लक्ष ठेवून होते.

आलेमितु म्हणते, तुम्ही त्सिगेला घेऊन गोंदरला दोनदा जाऊन आलात आणि तिने परवा उजव्या हाताने दाबोचा पाव उचलला, अर्ध्यावरून पडला. पडू दे. पुन्हा उचलेल.

तुझ्या त्या कागदाला उत्तर म्हणून मी काय पाठवू हे सात आठवडे शोधते आहे. माझ्याकडे आता कार्ड आहे, सही आहे, शिक्केवाला भाषांतरकार ओळखीचा आहे. देब्रे ताबोरच्या कोर्टाला हवं असेल तर दोन साक्षीदारही उभे करते. त्सिगेचा जन्म २००९ सालच्या मेस्केरेमच्या एकोणीस तारखेला झाला. मी तिची सख्खी मावशी. मला यायला परवानगी होती, वेळ होता, काय करायचं ते मला येत होतं. ती जन्मली तेव्हा मी तिथे नव्हते.

तुझी धाकटी बहीण,
वुबित